घेतलेलं परत करायचं : कुडोपीपासून गोपुरीपर्यंतचा वारसा

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्यातले अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला दोन आले : मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातला विजयदुर्ग. एवढ्याशा जिल्ह्याला दोन जागतिक वारसा किल्ले, ही छाती फुगावी अशीच गोष्ट आहे.

पण गावच्या बैठकीत हा विषय निघाला की मागच्या बाकावरून एखादे काका हमखास विचारतात, "ता सगळा बरा आसा, पण आमच्या शेतीक त्याचो काय उपेग?"

प्रश्न रास्त आहे. वारसा म्हटलं की आपल्यापुढे तट, बुरूज आणि तोफा येतात, आणि त्या बघायला येणारा पर्यटक. मात्र याच जिल्ह्यातल्या जुन्या जागा आणि जुनी माणसं शेतकऱ्याच्या नजरेने पाहिली तर वेगळं चित्र दिसतं. ज्यांनी इथे टिकेल असं काही उभं केलं, त्यांनी आधी पाणी, माती आणि झाड यांचा हिशेब केला होता. निसर्गाकडून किती घ्यायचं आणि त्याला परत काय द्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या हिशेबाचे पाच दाखले खाली देत आहे. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि शेतकरी बंधू-भगिनींनी ते आपल्या गावाशी ताडून पाहावेत.

कुडोपीचा सडा

मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेल्या आकृती आहेत. गावकरी त्यांना बाहुल्या म्हणतात. कोकणातली ही कातळशिल्पं इतिहासपूर्व काळातली आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली निवडक ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात आपल्या जिल्ह्यातलं कुडोपी आहे. कोकणातल्या इतर सड्यांवर हत्ती, वाघ, गेंडा, मोठे मासे अशाही आकृती सापडल्या आहेत. आज ज्याला आपण "काही पिकत नाही असा कातळ" म्हणतो, तिथे माणसाचा वावर किती जुना आहे, हे त्यावरून कळतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सड्याचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सड्यावर पडलेल्या पाण्याचा मोठा भाग भेगांतून खाली मुरतो आणि उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. वाडीतली बाव मार्चपर्यंत साथ देते ती याच पाण्यावर. सड्यावरच्या खोलगट भागात साठलेल्या मातीत गवत येतं, कुठे नाचणी होते, जनावरं चरतात.

चिरेखाण काढताना हा विचार सहसा होत नाही. खाणीला विरोध म्हणून हे लिहीत नाही, कारण घराला चिरा लागतोच. पण गावातला कुठला सडा कुठल्या झऱ्याला पाणी देतो, हे गावातल्या जाणत्या माणसांना माहीत असतं. परवानगीचा कागद पुढे सरकण्याआधी त्यांना विचारायला हवं. एकदा फोडलेला कातळ परत जोडता येत नाही, आणि त्याच्यावरचं चित्रही गेलं ते गेलंच.

धामापूर : पाचशे वर्षांचा बांध

मालवण तालुक्यातल्याच धामापूरला १५३० साली विजयनगर साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी धामापूर आणि काळसे गावच्या लोकांच्या साथीने तलाव बांधला. दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घातला. बांधाची लांबी २७१ मीटर आणि उंची ११ मीटर. साठा सुमारे २४४ कोटी लिटर आणि भिजणारं क्षेत्र धामापूर व काळसे मिळून २३७ हेक्टर, म्हणजे जवळजवळ पावणेसहाशे एकर. त्या काळी ना जेसीबी होता ना सिमेंट. माती, दगड, बैल आणि माणसं एवढ्यावर हे काम झालं.

आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने २०२० साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. महाराष्ट्रातला असा मान मिळवणारा हा पहिला तलाव. किल्ल्यांच्या पाच वर्षं आधी आपल्या एका शेतीच्या तलावाने जगाच्या यादीत नाव लावलं होतं, हे मात्र जिल्ह्यातल्याही पुष्कळांना माहीत नाही.

धामापूरचा तलाव निव्वळ जुना आहे म्हणून त्याचं कौतुक करायचं, असं नाही. तो आजही काम करतो. वायंगणी भात, माडाच्या नि पोफळीच्या बागा त्याच्यावर उभ्या आहेत. मालवण शहराच्या नळालाही त्याचं पाणी जातं.

तलावाच्या काठावर भगवती देवीचं देऊळ आहे. या तलावाची एक गोष्ट घराघरात सांगतात. लग्नकार्याला दागिने नसले की बाईने फुलांची परडी तलावात सोडायची आणि मनोमन मागणं करायचं. सकाळी दागिने काठावर मिळायचे. कार्य उरकलं की ते परत करायचे. एकाने परत केले नाहीत आणि तेव्हापासून तलावाने दागिने देणं बंद केलं.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण ज्याने रचली त्याला तलाव कळला होता. तलाव दरवर्षी देतो, अट एकच, घेतलेलं परत करायचं. पाणलोटातली झाडं तोडली तर दोन्ही डोंगरांची माती पावसाबरोबर तलावात उतरते. गाळ जितका वाढेल तितकं साठ्याचं पाणी कमी. गाळ काढून तो वरकस जमिनीत टाकणं आणि वरच्या डोंगरावर स्थानिक झाडं जगवणं, हेच तलावाला दागिने परत करणं झालं. ज्या गावात धामापूरएवढा तलाव नाही, तिथे छोटी तळी, देवळापुढची तळी आणि व्हाळ आहेत. हिशेब तिथेही हाच.

सिंधुदुर्ग : खाऱ्या समुद्रात गोड्या बावी

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याजवळ पूजा करून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली १६६७ साली किल्ला उभा राहिला. ४८ एकराचं बेट आणि भोवती नागमोडी जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा तट. पायाचे चिरे शिसं ओतून बसवले, असं सांगतात. आत राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे.

हे सगळं शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. शेतकऱ्याने थांबून बघावं ते किल्ल्यातल्या तीन बावींकडे : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि बेटाच्या पोटात गोडं. या बावी नसत्या तर तटाचा उपयोग नव्हता. तहानलेला किल्ला किती दिवस लढणार? गडाची जागा निवडताना आधी पाणी बघावं आणि एकाच झऱ्यावर अवलंबून राहू नये, असा दंडक पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात घालून दिला, तो अशा अनुभवातूनच.

समुद्राच्या शेजारी गोडं पाणी कसं टिकतं, हे समजून घेतलं तर आपल्या किनाऱ्यावरच्या बावी वाचवता येतील. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरलं की ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वाळूच्या जमिनीत साधारण हिशेब असा, की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट खोलीपर्यंत गोडं पाणी असतं. उलट, मोठी मोटर लावून वरची पातळी एक फूट खाली आणली तर खालून खारं पाणी वर चढायला लागतं. एकदा बाव मचूळ झाली की ती गोडी व्हायला काही पावसाळे जातात.

देवबाग आणि तारकर्लीची जमीन ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशा चिंचोळ्या पट्टीवर आहे. पर्यटन वाढलं, खोल्या वाढल्या, मोटरी वाढल्या. पाणी मात्र तेवढंच, वर्षाच्या पावसाचं. इथल्या माड बागायतदारांनी आणि न्याहारी-निवास चालवणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, किनाऱ्याजवळ खोल बोअर मारू नये, उथळ बाव आणि लहान मोटर बरी. एकदम दोन तास उपसण्यापेक्षा थोडं थोडं उपसावं. दुसरी, घराच्या छपराचं पाणी बावीजवळच्या शोषखड्ड्यात सोडावं. हजार चौरस फूट छपरावर आपल्या पावसात दोन लाख लिटरच्या वर पाणी मिळतं. तिसरी, मार्च ते मे या काळात पाण्याची तपासणी करून घ्यावी. पाण्याची विद्युत वाहकता ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर बहुतेक पिकांना चालते. २.२५ च्या पुढे गेली तर ते पाणी भाजीला देऊ नये.

टिकाऊपणाचा विषय निघाला म्हणून याच किनाऱ्यावरची अलीकडची गोष्ट सांगायला हवी. राजकोटला ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. २०२५ साली तिथे नवा पुतळा उभा राहिला. ते दुःख सगळ्या महाराष्ट्राला झालं. समोर साडेतीनशे वर्षांचा तट लाटा झेलत उभा आहे. खारा वारा आणि कोकणचा पाऊस कुणाची भीड ठेवत नाही. तलावाचा सांडवा असो, शेताचा बांध असो की समाजमंदिर, आपल्या हवेचा विचार करून केलेलं कामच इथे टिकतं.

झाडं : दुरून आलेली आणि इथली

वारसा म्हणजे फक्त दगड नव्हे. आज ज्याच्यावर आपलं घर चालतं तो काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. मिरची, अननस, पेरू, पपई ही मंडळीही अमेरिकेतून याच वाटेने आली. आंबा आपलाच, पण चांगल्या जातीचं कलम करून तीच जात वाढवायची पद्धत पोर्तुगीजांच्या काळात या किनाऱ्यावर रुजली. हापूस हे नावही आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सरदारावरून पडलं असं मानतात. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं.

वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांनी व्यापारासाठी वखार बांधली. त्याच वेंगुर्ल्यात १९५७ साली फळ संशोधन केंद्र सुरू झालं. वखारीने इथला माल बाहेर नेला. या केंद्राने शेतकऱ्याला काही परत दिलं : वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती आणि नीलम-हापूसच्या संकरातून १९८१ साली आलेला रत्ना आंबा. आज बागेत ओळीने उभी असलेली काजूची कलमं बघितली की त्यामागे किती जणांची किती वर्षांची मेहनत आहे, हे आठवावं.

यात एक जुना पाहुणचार आपण विसरतो. हापूसचं कलम बांधतात ते रायवळ आंब्याच्या कोयीच्या रोपावर. म्हणजे हापूस उभा आहे रायवळच्या मुळांवर. आणि रायवळची जुनी झाडं जळाऊ लाकडासाठी आणि फळ्यांसाठी झपाट्याने तुटत आहेत. आंबा, फणसासारख्या झाडांना रयतेने लेकरासारखं वाढवलेलं असतं, म्हणून त्यांना हात लावू नये आणि झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊनच तोडावं, असा मराठेशाहीतला दंडक आज्ञापत्रात नोंदलेला आहे. आरमाराला लाकडाची केवढी गरज होती, तरी हा दंडक. आज आपल्याला आरमार बांधायचं नाही. तेव्हा गावात साठ-सत्तर वर्षांचं चांगल्या चवीचं रायवळ असेल तर त्याची कोय, त्याची काडी जपून ठेवा. आमरसाला, लोणच्याला, साटाला वेगवेगळी रायवळ आपल्या आजीला माहीत होती. ती ओळख तिच्याबरोबर जाऊ देऊ नका.

गोपुरी : सोनखताचा धडा

शेवटचा दाखला अगदी अलीकडचा. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांना लोक कोकणचे गांधी म्हणत. जन्म १८९४, मृत्यू १९७१. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना सफाईचं काम मलाही करू द्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी उपोषणाचा मार्ग पत्करला. येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्या बाजूने उपोषण केलं. जे काम एका जातीच्या डोक्यावर पिढ्यान्पिढ्या लादलं होतं, ते काम सगळ्यांचं आहे, हे त्यांना स्वतः करून दाखवायचं होतं.

१९४८ साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथे त्यांनी साधे, कमी खर्चाचे संडास तयार केले. मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकायचा, तो पूर्ण कुजू द्यायचा आणि त्याचं सोनखत शेतात वापरायचं. कुणाला डोक्यावरून मैला वाहायला नको, गावात घाण नको आणि जमिनीतून निघालेलं जमिनीला परत. माणसाची प्रतिष्ठा आणि मातीची सुपीकता हे दोन प्रश्न त्यांनी एकाच खड्ड्यात सोडवले. त्या वेळी लोक हसले. आज गावोगाव जे दोन खड्ड्यांचे शौचालय सांगितलं जातं, त्याचं तत्त्व हेच आहे. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातला मैला वर्ष-दीड वर्षात कुजून वास नसलेलं खत होतो.

आपली जांभी जमीन आम्लधर्मी. पावसाने अन्नद्रव्यं धुऊन नेलेली. तिला सेंद्रिय खताची भूक मोठी. आणि आपण काय करतो? भाताच्या तरव्यासाठी पालापाचोळा, शेण, गवत रचून भाजावळ करतो. अख्ख्या वर्षाचं खत एका सकाळी धुरात जातं. काजूच्या, आंब्याच्या बागेतला पाला गोळा करून खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवला तर चार-पाच महिन्यांत उत्तम कंपोस्ट मिळतं. किल्ला बघायला तिकीट काढून जातो, तसं गोपुरीलाही एकदा जाऊन यावं. शेतकऱ्याचं तीर्थ आहे ते.

गावाने काय करावं?

१. गावातल्या जुन्या जागांची यादी करा. तळी, बावी, पाट, देवराई, कातळशिल्पं, वीरगळ, जुनी रायवळ झाडं. प्रत्येक जागेचा गट क्रमांक आणि आजची अवस्था लिहा. ग्राम महसूल अधिकारी म्हणजे आपले तलाठी यांची यात मदत होते.

२. यादीत दोन रकाने ठेवा, एक पुराव्याचा आणि एक दंतकथेचा. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे मालवणातच १८३७ साली जन्मले. शिलालेख, नाणी आणि जुने ग्रंथ तपासून इतिहास मांडायची शिस्त त्यांच्यासारख्यांनी लावली. त्यांच्या तालुक्यातल्या माणसांनी ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून छापू नये. पण दंतकथाही टाकून देऊ नये. धामापूरची गोष्ट आपण वर पाहिलीच.

३. झाडं, देवराया, पाण्याच्या जागा यांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत घ्या. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत समिती असते. ती कागदावर न ठेवता तिची बैठक लावा.

४. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. घर बांधायला काढण्याआधी हे तपासा, म्हणजे नंतर नोटीस आल्यावर धावपळ होणार नाही.

५. पाऊस ओसरला की लगेच व्हाळांवर वनराई बंधारे घाला. रिकाम्या सिमेंटच्या पिशव्या, माती आणि एक दिवसाचं श्रमदान. डिसेंबरात घालतो म्हणून थांबलात तर पाणी समुद्राला मिळालेलं असतं.

६. गावऱ्हाटीच्या मानकऱ्यांना बरोबर घ्या. देवळात गाऱ्हाणं घालून तळ्याची साफसफाई ठरली तर घरटी माणूस येतो, हा अनुभव आहे. सरकारी परिपत्रकाने जे होत नाही ते देवाच्या शब्दाने होतं.

यातलं एकही काम मोठ्या निधीवाचून अडत नाही. नागेश देसाईंच्या मागे दोन गावं उभी राहिली म्हणून बांध झाला. आज दोन वाड्या उभ्या राहिल्या तरी एक तळी साफ होते.

आता उत्तर त्या मागच्या बाकावरच्या काकांना. किल्ल्याचा शेतीला उपयोग काय? किल्ल्यातली बाव कोरडी पडली नाही, कारण बांधणाऱ्याने आधी पाण्याचा विचार केला. तुमच्या वाडीतल्या बावीचा विचार कुणी करायचा, हे मात्र वाडीनेच ठरवायचं आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घाला. यादी लिहायला एक वही आणि गावातली दोन म्हातारी माणसं पुरेत. ती आहेत तोवर विचारून घ्या.